धाकटीला दोनच जागा

सोमवार, ४ मार्च

आज परत लॅबचा सर्व्हर अडला. सकाळी, ऐन गर्दीत. तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाह्या वर करून बसलेली आणि सगळ्या काउंटरांवर एकच ओळ : कनेक्शन शिल्लक नाही. काउंटरवरच्या मुली आधी एकमेकींकडे बघतात, मग सगळ्या मिळून माझ्या दाराकडे बघतात. जसं काही मीच आत बसून नाही म्हणतेय.

साहेबांना पुन्हा एकदा समजावलं. ज्या प्रोग्रॅमला डेटाबेसशी बोलायचंय त्याला एक कनेक्शन लागतं. सर्व्हर ठरावीकच कनेक्शनं देतो, ती संपली की पुढच्याला दारातूनच परत पाठवतो. साहेब म्हणाले, "मग आकडा वाढवा की, ताई." आकडा गेल्या महिन्यातच वाढवला होता. तेव्हा मेमरी पुरेना आणि सगळंच रांगायला लागलं. तेही सांगितलं. साहेब घड्याळाकडे बघत होते.

मग म्हणाले, "महिनाअखेर जमलं नाही तर सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे देऊन टाकू. तुमच्यासाठी रिपोर्ट वाटपात बघू काहीतरी." रिपोर्ट वाटपात! ही लॅब एका खोलीत होती तेव्हापासून हा सर्व्हर मी सांभाळतेय. पहिल्या पेशंटची नोंद माझ्या हातची आहे. आता मी पाकिटं वाटू?

जेवताना हे घरी बोलून बसले, तिथेच चुकलं. नवरा लगेच म्हणाला, "अगं, धाकटी सध्या घरीच आहे ना? तिने हेच काम केलंय. घे की मदतीला." सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला, की माझा घास तोंडात फिरायला लागला. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. दोघं वरच्या मजल्यावर राहतात. सगळे माझ्याकडे बघत होते. "विचारते साहेबांना," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मंगळवार, ५ मार्च

साहेब एका पायावर तयार. "महिनाभर ठेवून बघू," म्हणाले. परवापासून येईल.

लिहिणं बरं दिसत नाही, पण इथेही तोंड दाबून बसायचं तर मग लिहायचं कशाला? मला ती तिथे नकोय. वाईट आहे म्हणून नाही. वाईट असती तर किती सोपं झालं असतं! चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

सासूबाईंच्या डोळ्यांचंच घ्या. राहतात माझ्याकडे. डॉक्टर मी शोधला, ऑपरेशनला मी नेलं, रजा माझ्या गेल्या. थेंबही मीच टाकायची. एकदा मला यायला उशीर झाला म्हणून धाकटीने टाकले, आणि तेव्हापासून सुरू झालं, "तिचा हात हलका आहे गं." आता रोज संध्याकाळी ती वरून खाली येते, सासूबाई मान मागे टाकतात आणि मी स्वयंपाकघरात भांडी लावते. जरा जास्तच आवाज करत लावते. माझा हात जड आहे असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण मग दुसरा अर्थ काय होतो?

गुरुवार, ७ मार्च

आली. माझ्याच स्कूटरवर, माझ्याच मागे बसून. वाटेत सिग्नलवरच्या पोलिसाला तिने हात केला, त्यानेही हसून केला. मी इतकी वर्षं तिथून जाते, मला त्याने फक्त शिट्टी वाजवलीय. विचारलं, कसा काय ओळखतो? "काही नाही ताई, एकदा पत्ता विचारला होता."

दुपारपर्यंत काउंटरवरच्या सगळ्या मुली तिच्या मैत्रिणी. एकीचं लग्न मोडलंय हे मला आज कळलं, तिच्याकडून.

तिला लॉगिन करून दिलं. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक खात्याला मर्यादा घालता येते. म्हणजे या खात्यावरून एका वेळी इतकीच कनेक्शनं उघडतील, पुढचं नाही. आमच्याकडे अशी कुणालाच घातलेली नाही. तिला घातली. दोन. सुरक्षेसाठी. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणी अख्खं घर मोकळं करून देत नाही, हा साधा नियम आहे.

दोनमध्ये तिचं भागणार नाहीच. तिसरं उघडायला गेली की सर्व्हर तोंडावर सांगेल, तुझ्या खात्याची मर्यादा संपली. मग येईल माझ्या दाराशी, ताई माझं अडलंय म्हणत. तेव्हा बघू.

शुक्रवार, ८ मार्च

आली नाही.

कोण किती कनेक्शनं उघडून बसलंय ते माझ्या स्क्रीनवर दिसतं. सकाळी तिने तिसरं उघडायचा प्रयत्न केला, सर्व्हरने नाकारलं. एकदाच. नंतर पुन्हा प्रयत्नसुद्धा नाही. उठून माझ्या दारापर्यंत आली, जरा थांबली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आली आता गाडी रुळावर. तर विचारते काय? "ताई, चहा घेणार?"

संध्याकाळी साहेब तिच्या टेबलापाशी बराच वेळ उभे होते. जाता जाता मला म्हणाले, "तुमच्या जावेची शिस्त बघण्यासारखी आहे हं. एक काम संपवते, कनेक्शन बंद करते, मगच दुसरं उघडते. आपल्या सगळ्यांना शिकवायला हवं हे."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, ती शिस्त माझी आहे! मी घातलीय! पण सांगणार कोणत्या तोंडाने?

सोमवार, ११ मार्च

आज साहेबांच्या खोलीत बैठक. धाकटीने सांगितलं, निम्म्याहून जास्त कनेक्शनं नुसती उघडी असतात. काउंटरवरचे प्रोग्रॅम सकाळी सुरू झाले की एक कनेक्शन धरतात ते संध्याकाळपर्यंत सोडतच नाहीत. काम असो नसो. "फोन कानाला लावून गप्प बसल्यासारखं आहे, साहेब."

साहेब खूश. "हे आपल्याला इतके दिवस का नाही दिसलं?"

आपल्याला? मला दिसलं होतं! दोन वर्षांपूर्वी मी हेच सांगितलं होतं, जिन्यात, तेव्हा साहेब फोनवर होते आणि त्यांनी मला हाताने थांब म्हटलं होतं. मी थांबले. ती बसून बोलली. एवढाच फरक. मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटीच म्हणाली, "ताईंनी दाखवलं मला." मी कधी दाखवलं? टोमणाच तो. साहेबांनी मान डोलावली आणि तिच्याकडेच बघत राहिले.

तिचा उपाय असा : सर्व्हरच्या दारात एक पूलर बसवायचा. पूलर म्हणजे मधला प्रोग्रॅम. सगळे काउंटर त्याच्याशी बोलणार, तो मोजकी कनेक्शनं हाताशी ठेवून ज्याला काम असेल त्याला पाळीपाळीने देणार. उपाय चांगला आहे. चांगला आहे हेच तर दुखणं आहे. साहेबांनी ठरवलं, पुढच्या सोमवारपासून सुरू. "हे जमलं तर कंपनी नको, ताई. सर्व्हर तुमच्याकडेच." म्हणजे यश तिचं आणि त्यातून वाचणार माझी खुर्ची. तिने वाचवलेल्या खुर्चीवर मी आयुष्यभर बसायचं.

संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आली. माझ्याकडे दोन सर्व्हर असतात, एक खरा, एक सरावाचा. काहीही नवं आधी सरावाच्या सर्व्हरवर करून बघायचं. दोन्हींच्या खिडक्या स्क्रीनवर शेजारी शेजारी, दोन्ही काळ्या. म्हणाली, "ताई, खऱ्या सर्व्हरच्या खिडकीला लाल रंग देऊ का? म्हणजे घाईत गडबड नको." मी म्हटलं, "रंग तुमच्यासारख्यांना लागतात. मी डोळे मिटून ओळखते." ती हसली. मी नाही हसले.

बुधवार, १३ मार्च

सासूबाईंनी आज सगळ्यांना खालीच जेवायला बोलावलं. स्वयंपाक मी केला, कौतुक तिच्या वाढण्याचं झालं. दीर म्हणाला, "वहिनी, ही रोज सांगते, ताईंकडून किती शिकायला मिळतं." नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघ, तू उगाच, अशा अर्थाने.

हे बरं आहे तिचं. आधी माझं सगळं घ्यायचं आणि मग त्यातलं चिमूटभर मला वाढायचं, तेही चारचौघांत.

दिराने सहज बोलता बोलता सांगितलं, की तिने आधीची नोकरी सोडली ती तिथल्या मोठ्या बाईंमुळे. रोज काही ना काही खापर हिच्या डोक्यावर फुटायचं, घरी येऊन जिन्यात बसून रडायची. धाकटीने त्याला डोळ्यांनी दटावलं. मला तर कधी दिसली नाही रडताना. सासूबाईंना मात्र माहीत होतं वाटतं, कारण त्यांनी लगेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी भात आणायला उठले.

शुक्रवार, १५ मार्च

पूलर सरावाच्या सर्व्हरवर लोण्यासारखा चालला. धाकटी विचारायला आली, "ताई, खऱ्या सर्व्हरवर तो कोणत्या खात्यावरून चालवू?"

डोकं आधीच तापलेलं. साहेबांनी बाहेर फलकावर तिचं नाव लिहून खाली 'शाब्बास' लिहिलंय. म्हटलं, "तुझ्याच चालव. काम तुझं, नाव तुझं, खातंही तुझंच असू दे."

ती जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "चालेल. फक्त माझ्या खात्याची ती मर्यादा काढाल ना? नाहीतर अख्खी लॅब दोनच कनेक्शनांवर येईल."

म्हणजे ती फक्त तिलाच घातलीय हे माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि इतके दिवस दोन कनेक्शनांत गुपचूप काम करत होती, तोंडातून ब्र न काढता. कान गरम झाले माझे. तिने एकदा जरी विचारलं असतं, का घातलीत म्हणून, तर सुरक्षेचं उत्तर तयार होतं माझ्याकडे. विचारलंच नाही. मी म्हटलं, "काढते."

शनिवार, १६ मार्च

सकाळी तिने विचारलं, "ताई, ते झालं ना?" मी म्हटलं, "हो."

झालं नाहीये. केलं नाहीये.

खरं लिहिते. एका ओळीचं काम आहे. बोटं कीबोर्डवर होती. मग बाहेरचा तो फलक दिसला आणि डोक्यात आलं, सोमवारी अडू दे ना जरा. पाचच मिनिटं. सगळे हवालदिल होतील, साहेब धावत येतील, आणि मी शांतपणे एक ओळ टाइप करीन आणि सगळं सुरू होईल. कुणाचं नुकसान नाही. माणसं एरवीही थांबतातच की पाच मिनिटं. एकदा, फक्त एकदा, त्यांना दिसू दे या खोलीत कोण बसतं ते.

घरी येताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, "मला सोमवारची भीती वाटतेय, ताई." मी म्हटलं, "मी आहे ना." किती सहज म्हणाले!

सोमवार, १८ मार्च

घरी आल्या आल्या लिहायला बसलेय. भाजी चिरायची पडलीय, पडू दे.

सकाळी पूलर सुरू झाला. पहिले काही पेशंट व्यवस्थित गेले. मग गर्दी वाढली आणि जे व्हायचं तेच झालं. सगळे काउंटर दोन कनेक्शनांच्या रांगेत. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. मी माझ्या खोलीत बसून बघत होते. दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

साहेब आले, पण माझ्याकडे नाही. सरळ धाकटीच्या टेबलापाशी. आवाज चढलेला. "काय करून ठेवलंत हे?" तिने उठून उभं राहून एकदाच माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला चाललं असतं. ती नुसती बघत होती, मी काय करते ते. बाहेर एक गरोदर बाई भिंतीला टेकून खाली बसली. उपाशी आलेली. तिची आई काउंटरवर हात आपटत होती, "अहो, नुसतं नाव तर लिहायचंय!" मी मनात म्हटलं, पुरे आता.

ओळ टाइप केली. सर्व्हरने उत्तर दिलं, झालं. मी उठून मोठ्याने म्हटलं, "साहेब, बघा आता, सुटेल."

सुटलं नाही.

पुन्हा बघितलं. झालं म्हणतोय. बाहेर चक्र फिरतच. पुन्हा टाइप केली. पुन्हा तेच. साहेब आता माझ्या दारात, "ताई, काय म्हणालात तुम्ही? सुटेल?" मला समोरचं अक्षर दिसेना.

आणि माझ्या खांद्यामागून अगदी हळू आवाज आला, "ताई, ही सरावाची खिडकी आहे."

डोळे मिटून ओळखणारी मी! खऱ्या सर्व्हरच्या खिडकीत तीच ओळ टाइप केली. काही क्षणांत बाहेरून आवाज आला, "झालं! चालू झालं!" काउंटरांवर नावं पुकारली जायला लागली. त्या गरोदर बाईला कुणीतरी हात धरून आत नेलं.

साहेबांनी विचारलं, "झालं काय होतं नेमकं?"

मी तोंड उघडलं. शप्पथ, उघडलं होतं. पण धाकटी पुढे होऊन म्हणाली, "माझी चूक, साहेब. माझ्या खात्याला मर्यादा होती, ती काढायला ताईंना सांगायचं मीच विसरले. ताईंनी बरोबर ओळखलं."

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, की मला माझीच लाज वाटली. आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही होतात म्हणून." काउंटरवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. दुपारी फलकावरचं तिचं नाव पुसलेलं होतं. तिथे माझं होतं.

जे जे शनिवारी ठरवलं होतं ते सगळं झालं. अडलं, मी सोडवलं, सगळ्यांनी बघितलं. आणि ते सगळं तिने माझ्या हातात ठेवलं, उचलून.

येताना स्कूटर सिग्नलला थांबली तेव्हा मागे न बघताच विचारलं, "का केलंस असं?"

म्हणाली, "उद्याही तुमच्याच मागे बसून यायचंय ना, ताई." मग जरा वेळाने, "पहिल्या दिवशीच दिसली होती मला मर्यादा. वाटलं, विश्वास बसला की काढाल."

हिरवा दिवा लागला. मागचा हॉर्न वाजवत होता तरी मला गाडी पुढे घेता येईना.

मंगळवार, १९ मार्च

पूलर चालतोय. दिवसभर एकदाही अडलं नाही. कनेक्शनं निम्मीही भरत नाहीत.

मला आनंद व्हायला हवा. आणि मला काय वाटतंय, तर हेही तिलाच? हुशारी तिची, हात हलका तिचा, पोलिसाची ओळख तिची, निदान मनाचा मोठेपणा तरी मला ठेवायचा होता. मोठी मी आहे ना घरात! तोही घेऊन बसली. माझ्या वाट्याला फलक आला, खडूने लिहिलेला.

कालपासून जेवण जात नाही. नवरा म्हणाला, पित्त झालं असेल. असेलही.

गुरुवार, २१ मार्च

साहेबांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"सर्व्हर तुमच्याकडेच राहतोय, ते झालं पक्कं. आता जावेचं. काम चांगलं करते, पण ऐन दिवशी एवढी मोठी चूक. खात्याची मर्यादा विसरते म्हणजे काय! मी तिला महिनाअखेर थांबवावं म्हणतोय. पण घरचा मामला आहे, तुम्ही म्हणाल तसं. ठेवू की नको?"

जी गोष्ट मला चार तारखेपासून हवी होती ती साहेबांनी टेबलावर काढून ठेवली. मला काहीच करायचं नव्हतं. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पुन्हा माझी खोली, माझी स्कूटर, मागे कुणी नाही. आणि ती संध्याकाळी कुठेतरी जिन्यात बसली असती, यावेळी आमच्याच जिन्यात, आणि मी स्वयंपाकघरात भांडी लावत असते.

"साहेब, मर्यादा मी घातली होती," मी म्हटलं. "मुद्दाम. मला ती इथे नको होती म्हणून. तिने शुक्रवारी काढायला सांगितली, मी काढते म्हणाले. शनिवारी पुन्हा विचारलं, मी काढली म्हणून खोटं सांगितलं. तिची काही चूक नाही. सगळं मी केलंय."

म्हटलं, आता गेली नोकरी. जाऊ दे.

साहेब हसले हो, चक्क हसले! "ती म्हणालीच होती परवा. ताई सगळं स्वतःच्या अंगावर घेतील, तुम्ही विश्वास ठेवू नका." चष्मा काढून पुसायला लागले. "माझ्या घरी दोन जावा आहेत, ताई. एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आणि तुम्ही एकमेकींसाठी खोटं बोलताय!"

"साहेब, खरंच सांगतेय मी."

"हो हो. ठेवतो तिला. जा तुम्ही."

आयुष्यात एकदा धीर करून आपलं काळं मन कुणासमोर उघडं केलं, तर तिथेही ही आधीच जाऊन बसलेली! खरं बोलायलासुद्धा मला जागा ठेवली नाही बाईने. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. रडू येत होतं आणि हसूही. काउंटरवरची एक मुलगी म्हणाली, "काय झालं, ताई?" मी म्हटलं, "काही नाही. पित्त."

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन खऱ्या सर्व्हरची खिडकी लाल केली. धाकटीच्या लक्षात आलं असणार. चहा आणून ठेवला.

संध्याकाळी वेळेवर खाली आली. मी भांड्यांकडे वळणार तेवढ्यात सासूबाईंना म्हणाली, "आई, आज थेंब ताईंकडून घ्या हं. माझं मनगट फार दुखतंय." मनगटाला पांढरी पट्टी बांधलेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई! जपून राहा गं." आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान मागे टाकली.

किती महिन्यांनी बाटली हातात घेतली! त्यांच्या कपाळावर हात ठेवला, पापणी जरा ओढली, एक थेंब इकडे, एक तिकडे. त्या डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "टाक की. कधीची वाट बघतेय."

"झाले टाकून," मी म्हटलं.

"झालेसुद्धा? कळलंच नाही मला." मिटल्या डोळ्यांनी माझा हात चाचपून धरला त्यांनी, आणि बराच वेळ सोडला नाही. धाकटी दाराला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पण एक मला कळत नाही. मनगट एवढं दुखतंय, तर दिवसभर ती टाइप कशी करत होती? धडाधड, दोन्ही हातांनी. येताना माझी जड बॅगही तिनेच उचलून घेतली. आहेच ती नाटकी, पहिल्यापासून म्हणतेय मी. उद्या विचारते चांगली.

आणि पट्टी तर डाव्या मनगटाला होती.

थेंब ती उजव्या हाताने टाकते.

आता काय करू मी या बाईचं?